लिखाण अडलंय? मोटर उघडायच्या आधी एवढं तपासा

जून उजाडला की मला दोन जातीचे फोन येतात. एक, 'मोटर फिरतेय पण पाणी चढत नाही.' दुसरा, 'रोज बसतोय पण लिहून होत नाही.' पहिल्याचा मला पगार मिळतो, कारण मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर आहे. दुसऱ्याचा फार तर चहा मिळतो. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचं गाव, तिथल्या जत्रेला नाटक लागतं. गेली 22 वर्षं ते बहुतेक मीच लिहून देतो, आणि मधूनमधून दिवाळी अंकांना कथा पाठवतो. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो, जत्रेच्या नाटकाची तालीम चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपली की सुरू होते, त्यामुळे सगळ्यांचं दुखणं जूनमध्येच वर येतं. माझं स्वतःचं लिखाण या दिवसांत इतक्या वेळा बंद पडलंय की बिघाड शोधायचा क्रम आता पाठ झाला आहे. तो इथं लिहून ठेवतो, म्हणजे फोन कमी येतील.

पंपाच्या कामातला पहिला धडा म्हणजे मोटर सगळ्यात शेवटी उघडायची. आधी लाईट आहे का बघायची, मग फ्यूज, मग व्हॉल्व्ह उघडा आहे का, मग पंपानं हवा धरली आहे का. नवीन पोरगा कामाला लागला की तो थेट मोटरलाच पाना लावतो. लिहिणारे याबाबतीत सगळे नवीन पोरगे. अडले की पहिल्याच दिवशी मोटर उघडून बसतात: माझ्यातलं संपलं बहुतेक, मी मुळात आळशी, प्रेरणाच उरली नाही. जळलेली मोटर मी या 22 वर्षांत फार क्वचित पाहिली.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढं वाचा.

- वही उघडली की आधी मागचं वाचता, वाचता वाचता दुरुस्त करता, आणि तासाभरानं उठता तेव्हा नवीन ओळ एकही नसते.
- पहिली तीन पानं सात वेळा लिहून झाली, चौथं पान अजून कोरं.
- कथा मित्रांना सांगताना रंगते. कागदावर आली की मरगळते.
- एका रात्री दोन वाजेपर्यंत जागून आठ पानं होतात, मग पंधरा दिवस वहीकडं बघवत नाही.
- गेल्या वर्षभरात नवीन पेन, नवीन वह्या आणि मोबाईलवर लिहायचं एखादं ॲप, असं सगळं घेऊन झालं.
- 'चवथ होऊ दे', मग 'दिवाळी होऊ दे', मग 'जत्रा होऊ दे'.
- लिहायची वेळ झाली की नारळ सोलायचे राहिलेत हे नेमकं आठवतं.

एक लक्षण मात्र वेगळं काढतो. लिहिणंच नव्हे तर जेवण, गप्पा, नाटक, मासळी, कशातच चव उरली नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मधलं सगळं सोडा आणि शेवटचा भाग वाचा. तो बिघाड माझ्या पान्याचा नाही.

आधी आठ दिवसांची नोंद

खर्च शून्य. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती ओळी झाल्या, का उठलो. आठ दिवस काहीही सुधारायला जाऊ नका, फक्त लिहून ठेवा. 'का उठलो' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक रिकामा ठेवतात.

हे आधी कशासाठी? माणूस सांगतो ती तक्रार एक असते, नोंदीत दिसतो तो बिघाड वेगळाच असतो. म्हापशाच्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की सुचणंच बंद झालंय. नोंद बघितली तर त्या रोज रात्री साडेदहाला बसत होत्या, म्हणजे सगळ्यांची जेवणं, भांडी आणि सकाळच्या डब्याची तयारी झाल्यावर. 'का उठलो' मध्ये पाच वेळा 'डुलकी'. सुचत नव्हतं असं नव्हे, त्या झोपेला आल्या होत्या. मुलं शाळेत गेल्यावरची चाळीस मिनिटं धरली आणि कथा दीड महिन्यात हातावेगळी झाली. त्यात माझं कौशल्य काहीच नाही, चार रकान्यांचं आहे.

फोन दुसऱ्या खोलीत

उलटा करून टेबलावर नाही, सायलेंटवर नाही. दुसऱ्या खोलीत. शक्य तर दाराआड. जास्त सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच करत नाही. शब्द अडला की हात आपोआप फोनकडं जातो, आणि 'एवढा एक अर्थ बघतो' म्हणून उचललेला फोन अर्ध्या तासानं खाली येतो. अडलेल्या शब्दाच्या जागी फुली मारा आणि पुढं चला.

जागा आणि वेळेची खूण

आमच्याकडं घराच्या दारात सोपो, म्हणजे बसायचा कट्टा, असतो. वारा लागतो, पावसाची झड बघायला मिळते, लिहायला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. मी दोन वर्षं तिथं बसलो. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस 'कितें चल्लां?' विचारणार, आणि उत्तर दिलं की पायरीवर टेकणार. सोपो गप्पांसाठी बांधलेला असतो, तो आपलं काम चोख करतो. आता मी तांदळाच्या डब्यांच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून बसतो. लिखाणाला सुंदर जागा लागत नाही, कंटाळवाणी लागते.

वेळ घड्याळाची ठेवू नका. खुणेची ठेवा. माझी शिफ्ट बदलते, सकाळी सहाचा नेम मला आठवड्यातून तीन दिवसही पाळता येत नाही. म्हणून माझा नेम असा: सकाळी घरी असेन तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, पाव घेतले की वही. रात्रपाळीला असेन तर पहिलं रीडिंग घेऊन झालं की वही. पीटर गोल्विट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये याच गोष्टीवर लेख लिहिला होता. 'मी लिहीन' असा नुसता संकल्प करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच बांधून ठेवलेलं जास्त तडीस जातं, असा त्याचा मुद्दा. बांधलेली खूण आली की ठरवायचं काही उरत नाही. आपण दमतो ते पुष्कळदा लिहिण्यानं नव्हे, 'आता बसू की मग बसू' या रोजच्या वादानं.

आणि ते 21 दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढा. लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 माणसांच्या साध्या सवयींचा माग ठेवला होता, तो 2010 मध्ये छापून आला. मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाला 18 पुरले, कुणाला हिशेबानं 254 लागतील असं दिसलं. आणि सवयी कसल्या, तर जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं अशा. एकांकिका लिहिणं त्याहून सोपं असेल असं मला तरी वाटत नाही. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटली: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून एक दिवस गेला तर गेला. मात्र त्या दिवसाच्या रागानं दुसरा दिवस घालवू नका. चवथीच्या दिवसांत मी वही उघडतच नाही. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची, आरत्यांना जायचं, घुमट नावाचं मातीचं वाद्य बडवायचं. खूण परत आली की परत बसतो.

फूट व्हॉल्व्ह

आता मुख्य बिघाड. मला आलेल्या दुसऱ्या जातीच्या फोनांतले निम्म्याहून जास्त इथंच संपले.

विहिरीवरच्या साध्या पंपात आधी पाणी भरावं लागतं. पंप आणि खाली विहिरीत गेलेला पाइप पाण्यानं भरलेला असेल तरच तो वर पाणी ओढतो. आत हवा असेल तर मोटर कितीही जोरात फिरू दे, थेंब येणार नाही. म्हणून पाइपाच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी आत घेतो, परत खाली जाऊ देत नाही. त्यात पान किंवा खडा अडकला की रात्रभरात पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं. सकाळी बटण दाबलं की मोटर घूं करते आणि नळ कोरडा. मालक म्हणतो मोटर गेली. मोटर ठणठणीत असते. बिघाड रात्री झालेला असतो, मशीन बंद असताना.

लिखाणाचंही तेच. अडचण बसल्यावर होते असं आपल्याला वाटतं, पण ती होते दोन बैठकींच्या मधे. काल तुम्ही प्रवेश पुरा करून, टिंब देऊन, समाधानानं उठलात. डोक्यात जे भरलं होतं ते सगळं कागदावर रिकामं केलंत. आज बसलात तेव्हा पाइप कोरडा. मग मागचं वाचायला लागता, वाचता वाचता दुरुस्ती सुरू होते आणि पहिलं लक्षण हजर.

यावर उपाय एकच: पुरं करून उठायचं नाही. पुढचं वाक्य माहीत असतानाच उठायचं, आणि ते अर्धंच लिहून ठेवायचं. अर्धं म्हणजे खरोखर अर्धं, क्रियापदाशिवाय. त्याखाली पेन्सिलीनं दोन ओळी: आता कोण येणार आहे आणि त्याला काय हवं आहे. 'थोरला कुळागरातून (नारळ-सुपारीच्या बागेतून) येतो, हातात कोयता, त्याला कागद कुठं आहेत ते विचारायचंय पण तो चहा मागतो.' बस्स. दुसऱ्या दिवशी मागचं पान वाचायचं नाही, या दोन ओळी वाचायच्या आणि अर्धं वाक्य पुरं करायचं. वाक्य पुरं करणं हे काम इतकं लहान आहे की त्याला मूड लागत नाही, आणि ते झालं की दुसरं वाक्य त्याच्या मागोमाग येतं. पहिल्या आठ दिवसांत हे जमत नाही. ऐन रंगात आलेलं सोडून उठणं जिवावर येतं. एका रात्रीत आठ पानं काढणाऱ्यांना तर फारच. पण ती आठ पानंच पुढच्या पंधरा दिवसांचा दुष्काळ घेऊन येतात. त्यांनी विहीर उपसलेली असते.

तरी पाइप कोरडा सापडलाच तर वरून पाणी ओतावं लागतं. दहा ओळी लिहा, वाईट, काहीही. पात्राला आज काय जेवायला होतं, तो कुणावर चिडलाय, खोलीत कसला वास आहे. या दहा ओळी नाटकात येणार नाहीत. पंपात ओतलेलं पाणी कुणी प्यायला घेत नाही. मूड येण्याची वाट बघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की मूड पहिल्या ओळींनंतर येतो, आधी येत नाही. मी जत्रेसाठी लिहिलेल्या नाटकांतल्या बऱ्या प्रवेशांपैकी बरेचसे रात्रपाळीत, जांभया देत, अशाच दहा रद्दी ओळींनी सुरू झालेले आहेत.

आणि एक ताकीद. कोरडा पंप फिरवत ठेवला तर त्याचं सील जळतं. कोऱ्या पानासमोर दोन-दोन तास हट्टानं बसू नका. वीस मिनिटं ओतून बघा, नाहीच आलं तर नोंद करा आणि उठा. हट्टाच्या त्या दोन तासांतून शिस्त लागत नाही, वहीची भीती बसते. ती एकदा बसली की काढायला महिने लागतात. माझे एकदा सात गेले.

माप

'रोज पाच पानं' असा नेम करणारा माणूस तिसऱ्या दिवशी मोडतो आणि चौथ्या दिवशी स्वतःला नावं ठेवतो. इंग्लंडातला अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करून कादंबऱ्या लिहायचा. पहाटे साडेपाचला बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि पंधरा मिनिटांत 250 शब्द असं मोजून लिहायचा. हे वाचून मीही एकदा घड्याळ ठेवलं होतं. पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला त्याच्याकडं पगारी नोकर होता, हे मला नंतर कळलं.

तुमचं माप असं ठेवा की ताप आला, लाईट गेली, घरात पाहुणे आले तरी होईल. माझं सहा ओळी. जास्त झाल्या तर उत्तम, पण त्यांची जमा पुढच्या दिवशी धरायची नाही. आज साठ ओळी झाल्या म्हणून उद्याच्या सहा माफ होत नाहीत. माप कामासाठी नसतंच. ते फूट व्हॉल्व्ह गळू नये म्हणून असतं.

लिहिणारा आणि तपासणारा

पहिली तीन पानं सात वेळा लिहिणाऱ्यांसाठी. खोडायचं असेल तर ते वेगळ्या रंगानं आणि वेगळ्या वेळी. लिहिण्याच्या वेळेत मागचं पान क्लिपनं बंद. संगणकावर लिहीत असाल तर रोज नवी फाइल उघडा, कालची उघडूच नका. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत पहिलं पान कसं असायला हवं हे तुम्हाला कळणारच नाही, कारण शेवट माहीत नसतो. मग ते सात वेळा घासून उपयोग काय?

भाषेची गाठ

हा बिघाड आमच्या गोव्याचा. पुण्यातल्या लिहिणाऱ्याला तो कळायचा नाही.

आमच्या घरात कोकणी, देवळात मराठी. आरती मराठी, कीर्तन मराठी, नाटक मराठी, सकाळचा पेपर मराठी. भांडण मात्र कोकणीत. लिहायला बसलो की निवेदन मराठीत सरळ येतं, आणि पात्रानं तोंड उघडलं की पेन थांबतं. कारण पात्र कोकणीत बोलतंय आणि आपण त्याला मनातल्या मनात पुणेरी करतोय. प्रत्येक वाक्याला हा टोल भरत गेलं की माणूस अर्ध्या तासात थकतो आणि समजतो आपल्याला संवाद जमत नाहीत.

माझ्या एका नाटकात अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. माझ्या कानात ती म्हणत होती, 'उगी राव, म्हाका सगळें कळटा.' कागदावर मी लिहिलं, 'शांत राहा, मला सर्व ठाऊक आहे.' म्हातारी तिथंच गेली, तिसऱ्या अंकापर्यंत थांबलीच नाही. महिनाभर तो प्रवेश हलला नाही.

तपासायचं कसं? अडलेला संवाद मोठ्यानं बोलून बघा, ज्या भाषेत तोंडातून निघेल त्या भाषेत. तो झरझर निघाला तर बिघाड सापडला. पहिल्या खर्ड्यात तो तसाच लिहा, मराठी निवेदन, कोकणी संवाद, सरमिसळ होऊ दे. कुणी बघत नाही. दुसऱ्या खर्ड्यात ठरवायचं: काही वाक्यं कोकणीच ठेवायची, बाकीची मराठीत आणायची. पण आणायची ती आपल्या डिचोली-सत्तरीच्या, पेडण्याच्या बोलण्यातल्या मराठीत. छापील मराठीत नव्हे. त्या म्हातारीचं वाक्य मी शेवटी कोकणीच ठेवलं. प्रयोगाच्या रात्री त्या जागी बायका डोळे पुसत होत्या, आणि नाटक मराठीच होतं, कुणाला शंका आली नाही.

भाषेच्या वादात मी पडत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यापासून आमच्याकडं त्यावर इतकं बोलून झालंय की त्यात नवं काय सांगणार. ज्याची जी बाजू असेल ती त्यानं सभेत मांडावी, लिहायच्या टेबलावर तिला आणू नये. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता केल्या, आणि दोन्हीकडं त्या आपल्या वाटतात.

मजकुरात धरलेली हवा

आतापर्यंतचं सगळं नीट असेल, बसता, मापानं लिहिता, तरी एकाच जागी पुन्हा पुन्हा अडता, तर दोष तुमच्यात नाही, कथेत आहे. इथून पुढं काम कठीण होतं, कारण लिहिलेलं फेकावं लागतं.

अडलेल्या जागेच्या मागं जा. शेवटचं वाक्य कुठं सहज आलं होतं ते शोधा. बिघाड तिथून पुढच्या दहा-पंधरा ओळींत असतो. अडता त्या जागी नसतो. बहुतेक वेळा तिथं तुम्ही एखाद्या पात्राकडून त्यानं कधीच केलं नसतं असं काही करून घेतलेलं असतं. वर जो थोरला कोयता घेऊन आला, त्याला मी दुसऱ्या अंकात कुळागर विकायच्या कागदावर सही करायला लावली होती. कथानकाला ती सही हवी होती. पुढं चार आठवडे एक प्रवेश लिहून होईना. घरात मी म्हणत होतो, यंदा नाटक नकोच. मग एका रात्री ती सही काढून टाकली. तो सही करत नाही, कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि बागेला पाणी सोडायला जातो. उरलेला अंक नऊ दिवसांत झाला. नाटकाचं नाव बदलावं लागलं, पण ते तसंही बरं नव्हतं.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे माहितीची भूक. एका कथेला पोर्तुगीज काळातलं थोडं संदर्भासाठी हवं होतं म्हणून मी पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागलो. ते ग्रंथालय 1832 पासूनचं, तिथं हरवायला पुष्कळ जागा आहे. तीन आठवडे गेलो, दीड वही टिपणं झाली, कथेची एक ओळ नाही. आपण काम करतोय असं मात्र रोज वाटत होतं. आता नियम असा: आधी खर्डा, माहिती नसेल तिथं चौकोन काढून पुढं जायचं. खर्डा झाल्यावर फक्त चौकोन भरायला ग्रंथालयात. त्या कथेत शेवटी चौकोन चारच निघाले.

कुणी वाट बघतंय का?

नाटक लिहिणाऱ्याचं हे बरं असतं. तालमीला पोरं येऊन बसलेली असतात, पानं नाहीत तर शिव्या घालतात. कथा-कादंबरीवाल्याची कुणी वाट बघत नाही, म्हणून मुदत खोटी वाटते. एक माणूस धरा. दर शनिवारी त्याच्याकडं जेवढी झाली तेवढी पानं पोचली पाहिजेत. त्यानं वाचायची गरज नाही, मत तर मुळीच द्यायचं नाही. फक्त 'मिळाली' किंवा 'आली नाहीत' एवढं कळवायचं. मत देणारा माणूस खर्ड्याच्या मधे घेऊ नका. त्याची पाळी नंतर. बायको किंवा नवरा या कामाला नको, घरात आधीच पुष्कळ हिशेब असतात.

आणि कथा सगळ्यांना तोंडी सांगणं बंद करा. सांगितली की भूक भागते.

आता मोटर

इथपर्यंत सगळं करून, तीन महिने देऊनही हललं नाही, तर स्वतःला विचारा: मला हे लिहायचंय, की मी लिहिणारा आहे असं लोकांनी म्हणायला हवंय? दुसरं उत्तर आलं तर लाज वाटून घेऊ नका, ती वही बांधून माळ्यावर टाका. मी दोन कादंबऱ्या अशा टाकल्यात. एकीतला एक नावाडी पुढं नाटकात कामाला आला, बाकी कागद वाळवीनं खाल्ले.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सगळ्यात स्वस्त तज्ज्ञ डोळ्यांचा. चाळिशी उलटलेल्या दोघांना मी लिखाणाच्या सगळ्या तपासण्या करायला लावल्या, आणि दोघांनाही नुसती चाळिशी लागली होती. अक्षर पुसट दिसतंय हे कळतच नाही, फक्त वही नकोशी वाटते, डोकं जड होतं. आधी नंबर तपासून घ्या. बोटांना मुंग्या येत असतील, मनगट रात्री ठणकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडं जा. हात झटकून आणखी लिहू नका.

नाटक पुरं झालं पण उभं राहत नसेल तर दिग्दर्शकाला द्या. ते लेखकानं एकट्यानं दुरुस्त करायचं काम नाही.

दोन पेग घेतल्याशिवाय ओळ सुचत नाही असं होऊ लागलं असेल तर ती लेखकाची लकब नव्हे. आपल्याकडं दारू स्वस्त आहे आणि या गोष्टीचं कौतुकही फार होतं. डॉक्टरांना सांगा, आणि किती घेता ते खरं सांगा.

आणि सुरुवातीला वेगळं काढलेलं लक्षण. दोन आठवडे किंवा जास्त, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप उडालेली किंवा नुसती झोपच, भूक गेलेली, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं. यातलं काही असेल तर सहा ओळींचं माप, पोदेराचा भोंगा, अर्धं वाक्य हे सगळं बाजूला ठेवा. शिस्त लावायची ही वेळ नव्हे. त्या अवस्थेत नेम मोडला की तो स्वतःविरुद्ध आणखी एक पुरावा होऊन बसतो. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा, किंवा बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे, मानसोपचाराची सरकारी संस्थाही तिथंच आहे. घरातून बाहेर पडवत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. जगणं नको असं मनात येत असेल तर उद्यावर टाकू नका. फोन आत्ताच करा आणि घरातल्या एका माणसाला तरी सांगा.

जाताना ती चार रकान्यांची वही सोबत न्या. माझ्या ओळखीचे एक मास्तर डॉक्टरांना सांगत होते की काही विशेष नाही, दोन-चार दिवस जरा लिखाण होत नाही एवढंच. सोबत आलेल्या बायकोनं वही टेबलावर ठेवली. 'का उठलो' च्या रकान्यात ओळीनं एकोणीस दिवस 'झोप नाही' लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पान मागं उलटून पहिली तारीख बघितली.